यारीवर चढलेला गंज

नवीकोरी वस्तू विकत घ्यावयाची, ती रात्री जागून जोडावयाची, तिला निगुतीने रंग द्यावयाचा आणि मग तोच रंग जागोजाग खरवडून, त्यावर गंज, काजळी आणि वंगणाचे डाग उमटवून ती वीस-पंचवीस पावसाळे उघड्यावर राबल्यासारखी दिसेल अशी तजवीज करावयाची, हा उद्योग ज्यांनी कधी जवळून पाहिला नाही त्यांना तो निव्वळ रिकामपणाचा वाटल्यावाचून राहत नाही. लघुरेल्वेच्या छंदात मात्र या उद्योगास मानाचे स्थान आहे. छंदिष्ट मंडळी त्याला ‘वेदरिंग’ म्हणतात, आणि इंजिन किती हुबेहूब आहे यापेक्षा ते किती खरे मळले आहे यावर कारागिराची पारख करतात. त्यांचे हे करणे मला योग्य वाटते. कारण आकार साच्यातून मिळतो, पण मळ ज्याचा त्यालाच विचारपूर्वक लावावा लागतो.

या विद्येचा परिचय करून द्यावयाचा तर रेल्वेची एखादी लहानशी यारी, म्हणजे रुळांवर फिरणारी क्रेन, हे उदाहरण सर्वांत सोयीचे. प्रवासी डबे धुतले जातात, इंजिनांची शेडमध्ये निगा राखली जाते. यार्डातील क्रेनला मात्र कोणी धूत नाही. ती आठवडेच्या आठवडे एका बाजूच्या रुळावर स्वस्थ उभी असते आणि एखाद्या दिवशी अचानक जिवापाड राबते. त्यामुळे आळसाच्या खुणा आणि श्रमाच्या खुणा एकाच अंगावर शेजारी शेजारी दिसतात. ज्या भागाला हात लागत नाही तेथे शेवाळ धरते आणि ज्या दांड्याला रोज नाही तरी वेळप्रसंगी चार माणसांचे तळवे घासतात तो चकाकत राहतो. हा फरक ज्याला दाखवता आला त्याला अर्धी कला साधली असे खुशाल समजावे.

परंतु डाग म्हणजे केवळ घाण नव्हे. प्रत्येक डागाला कारण लागते, आणि ते कारण स्थळ व काळ ठरल्याशिवाय सांगता येत नाही. बंदरातील यारी आणि घाटमाथ्यावरील यारी एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडल्या तरी दहा वर्षांनी त्यांच्या अंगावरचा गंज एकसारखा राहणार नाही. म्हणून रंगाची डबी उघडण्यापूर्वी ‘ही कोठे उभी आहे आणि साल कोणते’ एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत.

माझ्या मते या कामासाठी आपल्या बाजूचे कॅसलरॉकइतके धार्जिणे स्टेशन दुसरे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सरहद्दीला अगदी खेटून ते वसले आहे. हा तालुका पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाई; पुढे काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपे गावच गेले आणि तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्यास आल्या. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबईच्या अंमलाखाली होता, आणि कानडी, कोकणी व मराठी या तिन्ही भाषा आजही तेथील बाजारात कानी पडतात. इंग्रज व पोर्तुगीज या दोन सरकारांत १८७८ साली जो तह झाला त्यातून मुरगाव बंदर आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या मीटरगेज लोहमार्गाची कल्पना आकारास आली. त्यासाठी लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे नावाची कंपनी उभी राहिली आणि १८८८ साली तिचे रूळ दूधसागरच्या धबधब्यावरून चढत कॅसलरॉकला पोहोचले. तेथून पुढे लोंढ्याकडे सदर्न मराठा रेल्वेचा कारभार. दोन राज्यांच्या सीमेवरचे ठाणे असल्यामुळे येथे गाडी थांबे, उतारूंच्या पेट्या उघडल्या जात आणि जकातीचा सोपस्कार उरकल्यावरच गाडी घाट उतरू लागे.

हा घाट साधा नव्हे. सदतीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ, असा त्याचा उतार आहे. आणि रुळांवरून लोखंडी चाकांनी चालणाऱ्या गाडीला हे प्रमाण फार तीव्र मानतात. चढणाऱ्या मालगाडीला मागून जादा इंजिने रेटा देतात आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आवळूनच ठेवावे लागतात. ही गोष्ट येथे नमूद करण्याचे कारण पुढे रंगाच्या प्रकरणात कळेल.

आता यारीच्या रचनेकडे वळू. सर्वांत साधी ती हातक्रेन. चार चाकांचा गाडा, त्यावर मध्यभागी भक्कम खांब, खांबाभोवती फिरणारी बैठक, पुढे तिरकस आलेला लांब बाहू ज्याला जिब म्हणतात, मागे बिडाचा प्रतिभार आणि दोन्ही बाजूंस दंतचक्रांचा हातरहाट, एवढा तिचा पसारा असतो. रहाट उलटा फिरू नये म्हणून दातांत अडकणारी एक खिटी असते, आणि साऱ्या यंत्रात मजुरांच्या बरगड्यांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा भाग कोणता म्हणाल तर ती खिटीच होय. वाफेच्या यारीत बॉयलर नेहमी मागच्या टोकास असतो. त्यात जागेच्या सोयीपेक्षा हिशेब अधिक आहे, कारण बॉयलर व पाणी यांचे वजन उचलावयाच्या ओझ्याला तोलून धरते. तराजूच्या एका पारड्यात ओझे गुणिले त्याचे खांबापासूनचे अंतर आणि दुसऱ्या पारड्यात प्रतिभार गुणिले त्याचे अंतर, असा हा व्यवहार आहे. जिब उभी असताना जेवढे वजन सहज उचलले जाते त्याच्या निम्मेही ती आडवी करत नेल्यावर झेपत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक यारीच्या अंगावर कोणत्या अंतरावर किती टन उचलावयाचे याचा तक्ता ठळक अक्षरांत रंगवलेला असतो.

मीटरगेजवर ही अडचण आणखी बिकट होते. जिब रुळांच्या दिशेने असेल तोवर गाड्याची सारी लांबी आधाराला असते; पण ती बाजूला वळवली की आधार उरतो तो दोन रुळांमधील अवघ्या एका मीटरचा. यासाठी रूळ पकडून ठेवणाऱ्या आकड्या आणि बाजूंनी बाहेर ओढावयाच्या तुळया योजलेल्या असतात. तुळयांच्या टोकांखाली जुन्या स्लीपरांचे ठोकळे रचल्यावाचून जाणता मुकादम साखळीला ताण देऊ देत नाही. अपघातस्थळी जाणाऱ्या मोठ्या याऱ्यांचा प्रश्न याहून निराळा. त्या इतक्या जड असतात की लहान पुलांना त्यांचा भार सोसत नाही. इंग्लंडातील इप्सविच येथील रॅन्सम्स अँड रॅपियर कंपनीच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी अशा अजस्र राक्षसिणीला सुटे होणारे जादा चाकगाडे जोडून तिचा भार अधिक आसांवर वाटून देण्याची युक्ती काढली. पहिल्या महायुद्धात खंदकांतून डागावयाची स्टोक्स उखळी तोफ ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली तेच हे गृहस्थ. एकाच डोक्यातून पडलेल्या गाड्या उचलण्याचे आणि उभी माणसे पाडण्याचे साधन निघावे, हा त्या काळाचा महिमा. आपल्याकडे बिहारमधील जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात १४० टनांच्या याऱ्या तयार होतात; पण त्यांची प्रतिकृती घरच्या मेजावर करू पाहणाऱ्याने आधी लहान यारीवर हात बसवलेला बरा.

लहान यारीचा सर्वांत परिचित संच एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या १५ टनी डिझेल क्रेनचा. पुढे त्याचे साचे डापोल या कंपनीकडे गेले आणि तिने तो बाजारात चालू ठेवला. याशिवाय पितळी पत्र्याचे, राळेचे आणि अलीकडे त्रिमिती छपाईचेही संच निघाले आहेत. त्यांचे गुणदोष वेगळे आहेत, पण नवख्याला प्लास्टिकच सोसते. खोक्यात एका चौकटीला चिकटलेले, राखाडी प्लास्टिकचे बारीक बारीक भाग असतात, आणि त्यांचे प्रमाण ७६ ला एक. येथे भारतीय छंदिष्टाला एक गणित सोडवावे लागते. या प्रमाणाच्या ब्रिटिश प्रतिकृती साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालतात. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज त्याच प्रमाणात लहान केला तर २२ मिलिमीटर भरतो आणि मीटरगेज १३ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे साडेसोळा हा आपल्या दृष्टीने ना इकडचा ना तिकडचा. कॅसलरॉकचा मीटरगेजचा काळ दाखवावयाचा असेल तर आस कापून चाके आत घ्यावी लागतात. तयार मिळणाऱ्या १२ मिलिमीटरच्या रुळांवर ती बसवली तर एका मिलिमीटरची तडजोड होते. ती डोळ्याला जाणवत नाही आणि मनाला जाणवली तरी चालवून घ्यावी. घाटमार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रुंद झाला, तेव्हा ज्याला हा खटाटोप नको असेल त्याने त्यानंतरचे साल धरून २२ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालावेत. त्यात श्रम कमी नाहीत, फक्त वेगळे आहेत.

संचातील यारी डिझेलवर चालणारी असल्यामुळे १८८८ चे किंवा दोन महायुद्धांच्या मधले कॅसलरॉक आपोआप बाद ठरते. ही मर्यादा उपकारकच आहे. गोव्याच्या सत्याग्रहाच्या सुमारास, १९५५ साली, या सरहद्दीवरून जाणारी वाहतूक बंद पडली आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बंदच राहिली. घाटावरून गाड्यांची ये-जा पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या वर्षांतली एखादी यारी आपण कल्पिली तर काळ जुळतो. मात्र ज्याला हातक्रेनचा संच मिळाला असेल त्याच्यासाठी १९५८ सालासारखा विषय नाही. सरहद्द बंद, घाटाकडचे रूळ तांबडे पडलेले, आणि बाजूला एक हातक्रेन सारे पावसाळे अंगावर घेत निष्क्रिय उभी, हा देखावा करण्याचा मोह मलाही आहे. पण त्यात चकाकणारा दांडा दाखवता येत नाही, हे विसरू नये.

जोडणीचे काम सुरू करताना चौकटी प्रथम साबणाच्या पाण्यात धुवाव्यात. साच्यातून प्लास्टिक सहज सुटावे म्हणून लावलेले तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. भाग चौकटीपासून तोडताना पिरगाळून काढू नयेत; चांगली नखछाटणी घेऊन थोडे अंतर राखून कापावे आणि उरलेला ठोंब पात्याने व बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. जुन्या साच्यांत दोन अर्धे नीट न मिटल्यामुळे कडांना प्लास्टिकची पातळ झालर आलेली असते, तीही खरवडावी लागते. जोडण्यासाठी जे पातळ द्रावण वापरतात ते गोंद नव्हे. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवते, दोन्ही भागांचे विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावण उडून गेल्यावर सांधा उरतो तो मूळ पदार्थाचाच. म्हणून दोन्ही भाग आधी कोरडे जुळवून धरावेत आणि कुंचल्याचे टोक फक्त फटीच्या एका टोकाला टेकवावे. केशाकर्षणाने द्रावण आपणहून सांध्यात धावते. त्याचा वास डोक्यात जातो, तेव्हा खिडकी उघडी असू द्यावी.

गाडा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून जोडला तर चारी चाके रुळाला टेकतात, नाही तर एक चाक कायमचे अधांतरी राहते. जिबचे काम सर्वांत नाजूक. तिच्या दोन बाजू जाळीदार असून त्यांना आडव्या पट्ट्यांनी एकत्र बांधावयाचे असते, आणि एका पट्टीत केसाएवढा फरक पडला की टोकापर्यंत जाईतो तो वाढून जिब पिळलेली दिसते. अशा वेळी सांधा ओला आहे तोवर तिला दोन पुस्तकांच्या मध्ये दाबून रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीच हात लावावा.

यानंतर वजनाचा प्रश्न येतो. तीस टनांची यारी ७६ पटीने लहान केली म्हणजे तिचे वजन ७६ पटीने नव्हे, तर ७६ च्या घनाने, म्हणजे सुमारे चार लाख एकोणचाळीस हजार पटीने घटते आणि जेमतेम ६८ ग्रॅम उरते. पोकळ प्लास्टिक तर त्याहूनही हलके. त्यात चाके आत घेऊन आपण पाया अरुंद केलेला, आणि पुढे लांब जिब. साहजिकच आपली यारी जिब वळवताच कलंडते, आणि मोठ्या यारीवर जो इलाज करावा लागतो तोच येथेही करावा लागतो: मागच्या पोकळीत भार भरणे. किनाऱ्यावर कोळी जाळ्यांना लावतात ती शिशाची गोळी यासाठी उत्तम. पण शिशाबरोबर सुताराचा पांढरा गोंद कदापि वापरू नये. त्या गोंदातून सुटणाऱ्या आम्लाच्या बाष्पाने बंदिस्त जागेतील शिसे हळूहळू खाल्ले जाते, त्याची पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते आणि दोन-चार वर्षांनी कॅबिनच्या भिंती आतून फुगून सांध्यावर उकलतात. दोन नळ्यांतून मिसळावयाचा इपॉक्सी घ्यावा, किंवा शिसे सोडून लोखंडी नट भरावेत.

तारेच्या दोराऐवजी आपण धागा घालतो. धाग्याची लव मोठ्या प्रमाणात पाहिली तर दोरावर जणू केस उगवल्यासारखी दिसते, म्हणून तो मेणावरून ओढून गुळगुळीत करावा. आकडा आणि कप्पी यांना पुरेसे वजन नसेल तर धागा सरळ लोंबत नाही, वाकडातिकडा तरंगतो. आणि सगळी कारागिरी बिनचूक असूनही पाहणाऱ्याला ‘हे खेळणे आहे’ असे जे क्षणात कळते ते बहुधा या सैल धाग्यावरूनच.

आता मूळ विषय. रंग प्रथम सपाट द्यावा, आणि काळा द्यावयाचा असला तरी निखळ काळा देऊ नये. लहान वस्तूवर तो भोकासारखा दिसतो, म्हणून त्यात थोडा राखाडी मिसळावा. तो वाळला की जोयड्याचा पाऊस कल्पनेत पाडण्यास आरंभ करावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या घाटमाथ्यावर संततधार लागते. कर्नाटकातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत कॅसलरॉकची गणना होते. पाणी कोठे पडते यापेक्षा ते कोठे साचते हे पाहावे. गाड्याच्या आडव्या कडा, रिव्हेटांची डोकी, जिबच्या पट्ट्या जेथे एकमेकींवर चढतात त्या फटी, प्रतिभाराच्या वरचा खळगा, ही गंजाची जन्मस्थाने. लोखंड, पाणी आणि हवा यांच्या संयोगाने होणारा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो रंगाच्या थराला खालून उचलतो, फोड येतो, फोड फुटतो आणि तेथून पावसाबरोबर एक तांबूस ओघळ उभ्या पत्र्यावरून खाली उतरतो. ओघळ नेहमी वरून खाली, सुरुवातीस गडद व अरुंद आणि पुढे फिका होत विरणारा. ही शिस्त न पाळता पत्र्याच्या मधोमध, जेथे पाणी क्षणभरही ठरत नाही तेथे, केवळ शोभेसाठी गंजाचा ठिपका ठेवणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि प्रदर्शनांत त्यांना बक्षिसे मिळालेलीही पाहिली आहेत.

गंजाचा रंग नारिंगी असतो ही समजूतही अर्धीच खरी. नारिंगी तो कालपरवाचा. सावलीत, ओलाव्यात वर्षानुवर्षे मुरलेला गंज चॉकलेटी, जवळजवळ काळपट होतो. आणि रानाने वेढलेल्या या स्टेशनावर सावली व ओलावा दोन्ही भरपूर. मुरगाव बंदरातील यारीवर खाऱ्या वाऱ्यामुळे गंजाचे पापुद्रे निघतील, तेथे नारिंगीही हात सैल सोडून वापरावा. घाटमाथ्यावर मात्र गडद रंगाचा थर आधी देऊन त्यावर नारिंगी चिमूटभरच. या कामासाठी परदेशी भुकट्यांच्या महागड्या बाटल्या मिळतात. त्या चांगल्या आहेत यात वाद नाही. पण अंगणात तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू म्हणजे लोहभस्मयुक्त मातीच होय, आणि मलमलीच्या फडक्यातून दोनदा चाळलेला गेरू गंजाच्या रंगात कोणत्याही बाटलीला हार जात नाही. काजळीसाठी दिव्याच्या ज्योतीवर धरलेली बशी पुरते. रांगोळीची पूड मात्र वापरू नये. तिचा एक बारीक कण पाव मिलिमीटरचा धरला तरी आपल्या प्रमाणात तो दोन सेंटिमीटरांचा खडा होतो.

कॅसलरॉकची खरी मौज मात्र गंजात नसून धुळीत आहे. उतरत्या गाड्यांचे बिडाचे ब्रेक-ठोकळे चाकांवर घासून त्यांची जी बारीक पूड उडते ती खडीवर आणि रुळांच्या बाजूंवर बसून सारा मार्ग तपकिरी करून टाकते. सपाट प्रदेशातील एखाद्या लहान स्टेशनापेक्षा घाटाच्या तोंडाशी ती दाट असणार. त्यात पुढे होस्पेट-बळ्ळारीकडचे लोहखनिज मुरगावला उतरू लागले आणि उलट दिशेने बंदरावर आलेला कोळसा वर चढू लागला. म्हणजे एका दिशेने तांबडी धूळ आणि दुसऱ्या दिशेने काळी. खनिजाची धूळ आणि गंज या दोहोंचा रंग जवळचा असला तरी त्यांची चाल सर्वस्वी भिन्न आहे: गंज आतून उगवतो, कडांना व फटींना धरून असतो, धूळ वरून पडते, आडव्या पृष्ठभागांवर सारखी पसरते आणि मुख्य मार्गाकडे तोंड असलेल्या बाजूवर अधिक साचते. तेव्हा बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या यारीची एक कूस दुसरीपेक्षा तांबडी हवी. धूळ द्यावयाची ती कोरडीच, मऊ कुंचल्याने, अगदी शेवटी. आणि प्रत्येक वेळी फुंकर मारून किती उरते ते पाहावे. रानाकडच्या, ऊन न लागणाऱ्या कुशीवर हिरवट छटा दिली की दिशाही कळतात.

जेथे वंगण आहे तेथे गंज नाही, हा नियम मात्र कधी मोडू नये. दंतचक्रे, कप्प्या, दोराचा रहाटावर गुंडाळलेला भाग यांवर काळे, धूळ खाऊन घट्ट झालेले तेलकट लेप हवेत आणि त्यांना किंचित चमक हवी. डिझेल भरावयाच्या झाकणाखाली एक ओला दिसणारा ओघळ, धुराड्याभोवती काजळी. आकड्याची आतली वाक साखळ्यांनी घासून उजळते, चढावयाच्या पायरीच्या कडेचा रंग बुटांनी जातो. तेथे शिसपेन्सिलीचे टोक हलकेच फिरवले की उघड्या पोलादाची झाक येते. वजनाचा तक्ता आणि चाचणीची तारीख यांच्यावर चिखल फासू नये. कितीही गबाळ्या यार्डात ती अक्षरे वाचता येतील एवढी दक्षता कोणी ना कोणी घेतोच, कारण त्यावर तपासनीसाची नजर असते आणि माणसांचे जीवही अवलंबून असतात. सर्वांगाला सारखा काळा रंग पातळ करून फासला की वस्तू जुनी न दिसता केवळ मळकट दिसते. नव्याने हा मार्ग धरणाऱ्यांचा येथेच घात होतो.

हे सर्व करावे केव्हा, यालाही महत्त्व आहे. पश्चिम घाटाच्या छायेत राहणाऱ्याने जोडणी पावसाळ्यात उरकावी आणि रंग व वरचे निस्तेज वार्निश दसऱ्यानंतर घ्यावे. दमट हवेत फवारलेल्या वार्निशातील द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि सुकल्यावर सगळ्या कामावर दुधाळ पडदा पसरतो. शिवाय भुकटीवर वार्निश बसले की तिचा रंग निम्म्याने दबतो, म्हणून आधी थोडी जास्त भुकटी द्यावी अथवा वार्निशानंतर पुन्हा एक हात फिरवावा.

असल्या कामाला पुस्तकापेक्षा डोळ्यांची शिकवण मोलाची. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. लहान प्रमाणातील गाड्या, सिग्नल आणि शहर एकत्र कसे नांदतात हे तेथे मुलांबरोबर गेलेल्या मोठ्यांनाच जास्त वेळ पाहत बसावेसे वाटते. खऱ्या लोखंडासाठी म्हैसूरचे १९७९ चे आणि हुबळीचे २०२० चे रेल्वे संग्रहालय आहे. पण संग्रहालयातील यंत्रे रंगवून ठेवलेली असतात, आणि आपल्याला हवा असतो तो न रंगवलेला भाग. त्याकरिता एखाद्या आडस्टेशनावर गाडी सिग्नलला थांबली असता खिडकीतून बाजूच्या रुळावरील टाकाऊ वाघिणीकडे पाहावे. पाणी कोठून उतरले आहे, कोणती कडी उजळ आहे, गवत कोणत्या चाकाला धरून वाढले आहे, हे दोन मिनिटांत जेवढे कळते तेवढे कोणताही तज्ज्ञ सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेकांकडून राहून जाते. यारी प्रवासात असते तेव्हा तिची जिब खाली घेऊन पुढच्या एका रिकाम्या, सपाट वाघिणीवर टेकवून बांधलेली असते, कारण ती गाड्याच्या पुढे बरीच बाहेर येते आणि थेट दुसरा डबा जोडला तर त्यावर आदळेल. ही जोडवाघीण यारीबरोबर असली तरी यारीच्या वयाची असतेच असे नाही. जुनी मोडली की हाताशी असेल ती दुसरी जोडतात. तिच्या फळ्यांवर साखळ्या, स्लीपरांचे ठोकळे, जॅक आणि तेलाचे डबे पडलेले असतात. तेव्हा यारीवर जो मळ दिला तोच तिच्यावर जसाच्या तसा चढवू नये. फळ्या उन्हाने राखाडी पडलेल्या, जिबचे टोक जेथे टेकते तेथे लाकूड दबून काळे झालेले, डब्यांखाली तेलाची वर्तुळे, आणि लोखंडी चौकट कदाचित दोनच पावसाळे जुनी, म्हणजे येथे तो नारिंगी गंज, जो यारीवर आपण चिमूटभरच वापरला होता, मोकळ्या हाताने वापरण्यास हरकत नाही.